वाट, वहिवाट आणि सायकल

मराठीत वाटेसाठी किती शब्द आहेत ते एकदा मोजून पाहा. पायवाट, आडवाट, चोरवाट, घाटवाट, गाडीवाट, मसणवाट. आमच्या गोव्यात आणि कोकणात शेता-कुळागरांमधून जाते ती पाणंद. वाटेवर चालणारा तो वाटसरू आणि वाट दाखवणारा तो वाटाड्या. या सगळ्यांच्या पलीकडे एक शब्द आहे, जो तलाठ्याच्या दप्तरात आणि मामलेदाराच्या कोर्टात ऐकू येतो: वहिवाट. वर्षानुवर्षं वापरल्यामुळे जो हक्क तयार होतो, ती वहिवाट. कागद असो वा नसो, आजा त्या वाटेने गेला, बाप गेला, मीही जातो, म्हणून ती वाट माझ्या जाण्यायेण्याची. दुसरं कुणी ती अडवू शकत नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं सायकलीचं. माझ्या ओळखीच्या सायकलवाल्या मंडळींमध्ये हल्ली एक विषय वारंवार निघतो. डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून जाड टायरच्या सायकली हाणायचा नाद असलेली ही मंडळी. कुणी मुंबईचे, कुणी वापी-सुरतचे, दोघेतिघे आमच्या पणजी-म्हापशाचे. त्यांचं म्हणणं असं, की दादरा नगर हवेलीतलं दमणगंगेचं खोरं या खेळासाठी देवाने घडवल्यासारखं आहे. तिथे पद्धतशीर 'ट्रेल' आखावेत, रंगीत पाट्या लावाव्यात, नकाशे काढावेत, म्हणजे मुंबईहून शनिवार-रविवारी लोक येतील आणि आदिवासींना रोजगार मिळेल.

खोरं सुंदर आहे यात वाद नाही. मी ते पाहिलं आहे. गेल्या हिवाळ्यात सिल्वासाला टोकरखाडा भागात नात्यातल्या एका कुटुंबाकडे चार दिवस मुक्काम होता. टोकरखाडा हे नाव मला पहिल्यापासून आवडलं. टोकर म्हणजे बांबू. टोकरे कोळी या जमातीच्या नावातला टोकर तोच. आज तिथे बांबू शोधावा लागेल. शाळा, इमारती, दुकानं, रिक्षा असा तो भाग आहे. पण सिल्वासा मागे टाकून खानवेलच्या रस्त्याला लागलं, की वीसेक किलोमीटरमध्ये देखावा पालटतो. कारखान्यांच्या भिंती संपतात, साग, खैर, ऐन, मोह सुरू होतात. खानवेलला साकरतोड नदी लागते. तिथून पुढे आणखी वीसेक किलोमीटरवर दुधनी. मधुबन धरणाच्या पाण्याचा फुगवटा तिथे डोंगरांच्या बेचक्यांतून हातपाय पसरून बसलेला दिसतो. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि १३१ किलोमीटर वाहून दमणजवळ समुद्राला मिळते. एवढ्याशा लांबीत ती महाराष्ट्र, हवेली, गुजरात आणि दमण एवढ्यांना पाणी पाजते. हद्दी इतक्या एकमेकांत गुंतल्या आहेत, की मेघवळ हे गुजरातचं गाव चारही बाजूंनी हवेलीने वेढलेलं आहे. सकाळी सायकल काढली तर दुपारपर्यंत तीन सरकारांच्या जमिनीवरून चाक फिरून येतं, आणि सायकलस्वाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा सायकलवाल्यांना हे खोरं आवडावं यात नवल नाही. माझा वाद त्यांच्या आवडीशी नाही. वाद आहे तो 'ट्रेल आखावेत' या दोन शब्दांशी. जणू तिथे वाटाच नाहीत आणि आपण जाऊन त्या आखायच्या आहेत!

हा खेळ मुळात आला कुठून ते थोडक्यात पाहू. कॅलिफोर्नियात मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तिथल्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडायला सुरुवात केली. वणवा विझवायला जाणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. त्या टोळक्यातल्या जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी पुढे मुद्दाम डोंगरासाठी सायकली बनवल्या, १९८१ साली कारखान्यातून निघालेल्या अशा सायकली बाजारात आल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिम्पिकपर्यंत!

पण या कथेचा दुसरा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्याच मरीनमध्ये पायी चालणारे आणि घोड्यावरून फिरणारे लोक सायकलवाल्यांवर चिडले. अरुंद वाटांवर सायकलींना बंदी आली. १९८४ पासून अमेरिकेच्या राखीव रानांमध्ये, जिथे यंत्र न्यायला मनाई आहे, तिथे सायकललाही मनाई झाली. तेव्हा कुठे सायकलवाल्यांनी १९८८ साली संघटना काढली आणि स्वतःला शिस्त लावून घेतली. वाट कशी असावी याचं एक शास्त्रच त्यांनी बसवलं. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पावसाचं पाणी वाटेचाच ओहोळ करतं. सरासरी चढ शंभरास दहाच्या आत हवा. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती हवी, म्हणजे पाणी साचून न राहता उतरून जातं. आणि समोरून पायी माणूस आला तर सायकलवाल्याने थांबायचं, वाट द्यायची.

आता गंमत बघा. खानवेलच्या पुढे डांबरी रस्ता सोडून एका टेकडीवर मी चालत गेलो, तेव्हा हे शास्त्र माझ्या पायाखालीच होतं. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचे दोन हंडे घेतलेली बाई सरळ उभ्या चढाने जात नाही. ती डोंगराच्या कुशीकुशीने, तिरकी, बेताने चढते. तिच्या आईनेही तसंच केलं. म्हणून वाटही तशीच पडली. चार पिढ्यांच्या मानेवरच्या ओझ्याने ती आखली आहे. पाऊस हवेलीत दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, त्यात टिकली तीच वाट उरली, वाहून गेली ती लोकांनी सोडली. कॅलिफोर्नियातल्या माणसांनी पुस्तकात लिहून ठेवलं, ते वारली, कोकणा, धोडिया, काथोडी माणसांनी पायांनी लिहून ठेवलं आहे. 'ट्रेल आखणारे' जेव्हा येतील तेव्हा ते नव्वद टक्के हेच करतील: या वाटा उपग्रहाच्या यंत्रात नोंदवून घेतील आणि त्यांना इंग्रजी नावं देतील.

नावांचं जाऊ द्या असं कुणी म्हणेल. मला ते जाऊ द्यावंसं वाटत नाही. गावातल्या वाटेला नाव असतं ते ती कुठे नेते त्यावरून. बाजाराची वाट, पाण्याची वाट, शाळेची वाट, मसणाची वाट. नावातच तिचं काम सांगितलेलं असतं आणि कामाबरोबर हक्कही. एकदा का तिचं नाव 'हिरवा ट्रेल क्रमांक तीन' झालं, की ती कुठेच नेत नाही; जिथून सुरू झाली तिथेच आणून सोडते. मजेसाठी फिरायची वाट गोल असते, कामाची वाट सरळ असते. या दोघी एकच आहेत असं धरून चाललो, की पहिला बळी कामाच्या वाटेचा जातो.

त्याच टेकडीवर एक लहानसा प्रसंग पाहिला. चार तरुण सायकलवाले वरून खाली येत होते. हेल्मेट, हातमोजे, सगळा सरंजाम व्यवस्थित. खालून एक बाई मोळी घेऊन वर चढत होती. त्यांना पाहून ती वाट सोडून खाली उतारावर उतरली, सागाच्या वाळक्या पानांत पाय घट्ट रोवून उभी राहिली. पोरं चांगल्या घरची होती, प्रत्येकाने जाताना 'थँक यू' म्हटलं. वेग कमी केला, धुरळा उडणार नाही याचीही काळजी घेतली. पण थांबून बाजूला झालं नाही कुणी, आणि बाईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेब आले की आपण खाली उतरायचं हे तिच्या पायांना माहीत होतं. चारही सायकली गेल्यावर ती परत वर आली, मोळी सारखी केली आणि चालू लागली. वीस-पंचवीस किलोच्या ओझ्यासकट तिरक्या उतारावर उतरणं आणि पुन्हा चढणं म्हणजे काय, हे ज्याने कधी मोळी उचलली आहे त्यालाच कळेल. पोरांचा दोष मी मानत नाही. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना, की ही वाट कुणाची आहे.

आणि इथे मला इतिहास आठवतो. गोव्याच्या माणसाला दादरा नगर हवेली म्हटलं की इतिहास आठवणारच. आमच्या मुक्तिलढ्यातलं पहिलं यशस्वी पाऊल याच मातीत पडलं. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा, मग नरोली, मग २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांच्यासारखी माणसं त्यात होती. संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह सिल्वासाहून खानवेलकडे मागे सरला आणि ११ ऑगस्टला उधवा इथे शरण आला. म्हणजे आज सायकलवाले ज्या दिशेने जायला उत्सुक आहेत, त्याच दिशेने.

पुढची गोष्ट मात्र थोड्या लोकांना माहीत असते. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर खटला भरला. खटल्याचा विषय काय होता? वाट! दमणहून दादरा नगर हवेलीला जाण्यासाठी मधल्या भारतीय मुलखातून जायची वाट आम्हाला आहे, ती भारताने अडवली, ही तक्रार. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. न्यायालयाने म्हटलं, की सव्वाशे वर्षांहून जास्त काळ खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल या मुलखातून बिनबोभाट येत-जात होते, त्यामुळे एवढ्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना तो नव्हता, कारण त्यांना दर वेळी परवानगी घ्यावी लागे. आणि भारताने जे केलं ते बेकायदा नव्हतं. पहिला मुद्दा अकरा विरुद्ध चार मतांनी ठरला, सैन्याचा आठ विरुद्ध सात अशा काठावरच्या मतांनी.

आपण त्यात जिंकलो हे खरंच. पण कायद्याचं तत्त्व काय ठरलं ते पाहा. दीर्घकाळच्या वापराने वाटेचा हक्क तयार होतो. म्हणजे वहिवाट! पणजीच्या आणि लिस्बनच्या अधिकाऱ्यांची या खोऱ्यातली सव्वाशे वर्षांची वहिवाट जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने तपासली, मोजली आणि मान्य केली. त्याच खोऱ्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून चालणाऱ्या वारल्यांची वहिवाट कुठल्या नकाशावर आहे? कुठल्या निकालात? कुणी मोजली?

कागदाच्या बाबतीत या माणसांचं नशीब तसं जुनंच आहे. मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहातून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, ते तिथे राहणाऱ्यांना न विचारता. पोर्तुगीज राजवटीत जमिनी 'आल्वारा'वर दिल्या गेल्या. सत्तरीच्या वाचकांना आल्वारा म्हणजे काय ते सांगायला नको; त्या शब्दाचं भूत आमच्या मानगुटीवरून अजून उतरलेलं नाही. हवेलीत १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्याने ही पद्धत मोडीत काढली. मग दमणगंगेवर मधुबनचं धरण झालं, १९८० च्या दशकात पाणी भरलं आणि गावांबरोबर वाटाही बुडाल्या. बुडालेल्या घराची नुकसानभरपाई निदान कागदावर तरी असते. बुडालेल्या वाटेची भरपाई कुणी मागितल्याचं ऐकलं आहे? माहेर पूर्वी टेकडीपलीकडे होतं, आता पाण्यापलीकडे आहे, एवढाच फरक! १९९१ साली हवेलीत शंभरातले ७९ लोक आदिवासी होते. २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण ५२ वर आलं. आदिवासी कुठे निघून गेले नाहीत. कारखान्यांमुळे बाकीचे आले. पण मतांच्या आणि मतलबाच्या हिशेबात त्यांचा आवाज तेवढा बारीक झाला.

आता कायद्याकडे पाहू, कारण 'ट्रेल' हा शब्द आज कायद्याच्याही दारात उभा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात एक कलम आहे, पंचवीसावं. राखीव जंगलातली वाट वनाधिकारी सरकारच्या मंजुरीने बंद करू शकतो, मात्र तिच्याऐवजी दुसरी सोयीची वाट असली पाहिजे किंवा दिली पाहिजे. इंग्रजांच्या कायद्यालाही एवढं कळत होतं, की माणसाला वाट लागते. दुसरीकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याने ग्रामसभेला आपलं जंगल राखायचा अधिकार दिला. तिसरीकडे २०२३ साली वन संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनखात्याच्या कार्य आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयी 'वनेतर वापर' या व्याख्येतून बाहेर काढल्या गेल्या. म्हणजे अशा सोयींसाठी पूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे, ती अडचण दूर झाली. हवेलीचा जवळजवळ ९२ चौरस किलोमीटर भाग २००० सालापासून अभयारण्य आहे, तिथे आत जायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवाना लागतो. आणि देशाच्या अनेक आदिवासी भागांत ग्रामसभेला बळ देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे नाही, कारण हा प्रदेश पाचव्या अनुसूचीत येत नाही. या सगळ्याची बेरीज काय होते? पर्यटनाची सोय करणाऱ्याला दार थोडं जास्त उघडलं आहे, आणि दाराशी उभं राहून 'कोण आहे?' विचारणारा माणूस थोडा दुबळा आहे.

म्हणून मला भीती वाटते ती सायकलीची नाही. सायकलीच्या पाठोपाठ येणाऱ्या गोष्टींची वाटते. आधी पाट्या येतात, मग कमान, तिकिटाची खिडकी, सिमेंटचा निवारा, गाड्यांसाठी वाहनतळ, आणि शेवटी एक फळी: 'सायकलस्वारांव्यतिरिक्त कुणी या मार्गाचा वापर करू नये.' असं होणार नाही म्हणता? आमच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या माणसांना विचारा. त्यांची वाळूवरची वहिवाट तर डोळ्यांसमोर गेली. खुर्च्या मांडल्या गेल्या, मग खुर्च्यांचा हक्क झाला आणि होड्या अडचण ठरल्या. सत्तरीत म्हादईच्या काठाने, चोर्ल्याच्या बाजूला आज जीपगाड्या आणि मोटारसायकली कुठे कुठे घुसतात ते मी पाहतो आहेच.

यावर मित्रांचं उत्तर तयार असतं. मग काय, काहीच करायचं नाही? आदिवासींनी कायम मोळ्याच वाहायच्या? जंगलात कारखाना येण्यापेक्षा, रिसॉर्ट येण्यापेक्षा सायकल बरी नाही का?

बरीच आहे. हजारदा बरी आहे. सायकल धूर सोडत नाही, हॉर्न वाजवत नाही, तिच्यावरून आलेला माणूस घामाघूम आणि भुकेला असतो, म्हणून गावात चहा-भाकरी विकत घेतो. गाडीच्या काचेआडून खोरं पाहणाऱ्यापेक्षा तो मला जवळचा वाटतो. म्हणूनच तर एवढं लिहितो आहे. पण सायकल येणार असेल तर तिने पाहुणी म्हणून यावं. पाहुणा कसा येतो? विचारून येतो, वेळ पाहून येतो, आणि यजमानाच्या पाटावर बसत नाही.

विचारून येणं म्हणजे ग्रामसभेत बसून, तिथल्या बायांसकट सगळ्यांना, त्यांच्या बोलीत विचारणं. बायांना मुद्दाम, कारण लाकूड, पाणी, मोहफुलं यांच्या वाटा त्यांच्या आहेत. कुठली वाट द्यायची आणि कुठली नाही हे गावाने ठरवावं. वाघदेवाच्या, हिमाय देवीच्या ठिकाणाजवळून जाणारी वाट गाव देणार नाही कदाचित, आणि का देणार नाही हे सांगायला ते बांधील नाहीत. आमच्या देवराईत, राखणदाराच्या जागेतून कुणी सायकल उडवत गेला तर आम्ही चौकशी करत बसू का?

वेळ पाहून येणं म्हणजे पावसाळ्यात न येणं. काळ्या दगडाच्या या मुलखात वरची माती पातळ असते. जून ते ऑक्टोबर ओल्या वाटेवर टायरची चाकोरी पडली, की त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मोळीवाली बाई मग कुठून जाणार? उन्हाळ्याच्या अखेरीला शेतकरी राब भाजतात, नागली-वरई-भाताच्या रोपांची तयारी करतात, तेव्हा शेतातून जाणाऱ्या वाटा मोकळ्या सोडाव्यात. आणि अंधार पडल्यावर जंगल बिबट्याचं, त्यालाही त्याची वहिवाट आहे.

पाटावर न बसणं म्हणजे पायी माणसाला आणि गुरांना पहिली वाट. हा नियम मी काढलेला नाही. मरीनच्या भांडणातून सायकलवाल्यांनीच तो शिकून घेतला आहे. तोच इथे आणावा. परदेशातून टायर आणता, गिअर आणता, तर हाही आणा!

आणि पैसा. तो गावात थांबेल असं बघावं. अशक्य नाही ते. शेजारच्याच जव्हार तालुक्यातलं वाळवंडा, अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी, इथे पाहुणे गावातल्या घरात जेवतात, गावचीच माणसं त्यांना फिरवतात. दूरचं उदाहरण हवं तर न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ व्हाकारेवारेवा नावाचं जंगल आहे, डोंगरी सायकलवाल्यांचं मोठं तीर्थक्षेत्र. २००८ च्या कायद्यानंतर त्याची जमीन माओरी जमातींच्या मालकीची झाली. सायकली बंद झाल्या नाहीत. पण आता सायकलवाले कुणाच्या जमिनीवर आहेत याबद्दल कुणाच्याही मनात संशय नाही. क्रम एवढाच महत्त्वाचा: आधी हक्क मान्य झाला आणि त्या हक्काच्या सावलीत खेळ चालू राहिला. आपल्याकडे खेळ आधी येतो, आणि हक्काचं नंतर बघू म्हणतात. ते नंतर कधी उजाडत नाही.

शेवटी सायकलीबद्दलच एक सांगतो. टोकरखाड्यात सकाळी शाळा भरायच्या वेळी गणवेशातल्या मुली सायकलवरून जाताना मी रोज पाहत होतो. साध्या, बिनगिअरच्या, पुढे जाळीची टोपली असलेल्या सायकली. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. गुजरातमध्ये, महाराष्ट्राच्या मागास तालुक्यांतही मुलींसाठी अशा योजना आहेत. मुलीची सायकल वाट बदलत नाही, मुलीचं आयुष्य बदलते. आमच्या गोव्यातला पोदेर बांबूचा पांटलो मागे बांधून ज्या खडबडीत वाटांनी पाव पोचवत आला, त्याला कुणी 'माउंटन बायकिंग' म्हटलं नाही, पण केलं त्याने तेच, आणि शॉक अॅब्सॉर्बरशिवाय!

म्हणजे सायकल या खोऱ्याला नवी नाही, आणि वाटही नवी नाही. नवीन आहे ती फक्त नकाशा काढणाऱ्याची घाई. तेव्हा मंडळी, दमणगंगेच्या खोऱ्यात सायकल घेऊन जरूर जा. पण तिथे ट्रेल आखायची भाषा करू नका. वाटा आखून झाल्या आहेत. आखणारे तिथेच राहतात, बोलावलं तर बोलतात, आणि चांगले वाटाडेही आहेत. पहिल्या नकाशावर पहिली ओळ त्यांच्या वहिवाटीची लिहा, खाली सही ग्रामसभेची घ्या. मग तुमच्या सायकलीला कुणी अडवणार नाही. आणि डोक्यावर मोळी असलेल्या बाईला वाट सोडून खाली उतरावंही लागणार नाही.